तिसरी खोली का मिळत नाही?

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बरीचशी एकाच दुखण्याची आहेत. घरात माणसं सहा आणि बाजारात घरं तीन माणसांची. त्यातल्या तीन पत्रांना इथे उत्तर देतो. पहिल्याला जास्त जागा लागणार आहे, कारण बाकीच्यांचं मूळही तिथेच आहे.

प्रश्न : काका, डोंबिवली पूर्वेला ३९० फूट कार्पेटच्या (भिंतींच्या आतलं माप) वन बीएचकेत आम्ही सहा माणसं राहतो. सासू-सासरे, आम्ही दोघं, नववीतली मुलगी आणि तिसरीतला मुलगा. सासूबाई हॉलमध्ये झोपतात, म्हणून नऊला टीव्ही आणि दिवे बंद. मुलगी स्वयंपाकघरात ओट्याजवळ स्टूल ओढून अभ्यास करते. आठ महिन्यांत आम्ही अकरा नवे प्रकल्प पाहिले. सगळीकडे वन आणि टू बीएचके. थ्री एकाच ठिकाणी होता, तोही शेवटच्या चार मजल्यांवर आणि एक कोटी बारा लाखांना. एजंट म्हणतो, "मॅडम, इकडे थ्रीला मागणीच नाही." मग आम्ही कोण? जुनं घर विकून, कर्ज फेडून हातात तीसेक लाख येतील. आमच्यासारख्यांसाठी घर कोणी बांधतच का नाही? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : ताई, तुमच्या मुलीचं ते स्टूल माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. पस्तीस वर्षं मी डोंबिवली-कल्याण पट्ट्यात इमारतींचे नकाशे काढले. ते स्टूल तिथे ठेवायची वेळ आणण्यात माझ्यासारख्यांचाही हात आहे, म्हणून जे माहीत आहे ते सगळं सांगतो.

एजंट खोटं बोलत नाही, पण अर्धंच सांगतो. बिल्डर मागणी मोजतो ती मंजूर होणाऱ्या कर्जात. घरात माणसं किती हा आकडा त्याच्या कागदावर कुठेच नसतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात बँक घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत पैसे देऊ शकते, ३० ते ७५ लाखांच्या कर्जात ८० टक्के आणि त्यापुढे ७५ टक्के. आता ३३ लाखांचं घर घ्या. पदरचे तीन लाख तीस हजार घातले की काम होतं. ९० लाखांचं घर घ्यायचं तर पदरचे १८ लाख हवेत. म्हणजे घर पावणेतीनपट महाग, पण खिशातून काढायची रक्कम साडेपाचपट. त्यावर ७ टक्के मुद्रांक शुल्क आणि ३० हजार नोंदणी, तेही कर्जात बसत नाही. मग हप्ता. साडेआठ टक्के व्याजानं २० वर्षांसाठी लाखाला ८६८ रुपये पडतात. ७२ लाखांच्या कर्जाला महिना साडेबासष्ट हजार. हप्ता पगाराच्या साधारण निम्म्यापर्यंत बसला पाहिजे असं बँक बघते, म्हणजे घरात सव्वा लाख हातात यायला हवेत. असं कुटुंब डोंबिवलीत नाही असं नाही. पण तेच कुटुंब दुसऱ्या दिवशी ठाण्यात किंवा मुलुंडला टू बीएचके बघायला जातं, कारण डोंबिवलीहून सीएसएमटी ४८ किलोमीटर आहे आणि सकाळच्या फास्ट लोकलच्या दारात उभं राहणं काय असतं हे आपल्याला सांगावं लागत नाही. तेवढ्याच पैशात एक खोली सोडून रोजचा तासभर विकत घेता येत असेल तर माणसं तो घेतात. मी त्यांना दोष देत नाही. पण त्यामुळे उपनगरातल्या मोठ्या घराचं गिऱ्हाईक निसटतं, आणि बिल्डरला ते पक्कं ठाऊक असतं.

दुसरं कारण कराचं आहे आणि त्याचा मला खरा राग येतो. १ एप्रिल २०१९ पासून बांधकाम चालू असलेल्या 'परवडणाऱ्या' घरावर १ टक्का जीएसटी आहे आणि बाकीच्या घरांवर ५ टक्के. परवडणारं म्हणजे किंमत ४५ लाखांपर्यंत आणि कार्पेट ६० चौरस मीटरपर्यंत, म्हणजे ६४५ फूट. दोन्ही अटी एकदम पाळायच्या. ४५ लाखांच्या घरावर कर ४५ हजार. ४६ लाखांच्या घरावर दोन लाख तीस हजार. किंमत एक लाखानं वाढली की कर एक लाख पंच्याऐंशी हजारांनी उडी मारतो. अशी पायरी समोर असताना कोणता बिल्डर ६६० फुटांचं घर काढेल? नकाशा काढताना आम्ही भिंत इंचाइंचानं आत सरकवायचो, मापं ५९ पूर्णांक काहीतरी आली की हात थांबायचा. पुण्यात हीच मर्यादा ९० चौरस मीटर आहे, कारण या नियमातल्या महानगरांच्या यादीत पुणे नाही. मुंबई महानगर प्रदेश मात्र सबंध आहे, बदलापूर आणि विरारसकट. पुण्याच्या कुटुंबाला ९६९ फुटांपर्यंत सवलत आणि बदलापूरच्या कुटुंबाला ६४५. पुण्याची माणसं काही जास्त जाडजूड नसतात.

त्याआधी २०१६ च्या अर्थसंकल्पात बिल्डरला नफ्यावरच आयकर माफ झाला होता. तिथेही अट घराच्या आकाराची: चार महानगरांत ३० चौरस मीटर, इतरत्र ६०. पुढे २०१९ मध्ये त्या मर्यादा सैल झाल्या आणि नव्या मंजुरीची मुदत मार्च २०२२ ला संपली. पण इमारत उभी राहायला चार-पाच वर्षं जातात. तुम्ही आज जे टॉवर बघताय त्यातले कितीतरी त्या काळात आखलेले आहेत. गरिबाला घर मिळावं हा हेतू चांगलाच होता, आणि अनेकांना पहिलं घर त्यातूनच मिळालं. पण छोटं घर म्हणजे परवडणारं घर असं सरकारनं एकदा ठरवलं, आणि सहा माणसांच्या साध्या कुटुंबाला लागणारं ८०० फुटांचं घर आपोआप चैनीच्या बाजूला जाऊन बसलं.

आता नकाशाकडे या. हे सहसा कोणी समजावून सांगत नाही. मजल्याच्या मधोमध लिफ्ट, जिने आणि लॉबी. त्याभोवती आठ घरं. हॉलला आणि प्रत्येक बेडरूमला बाहेरच्या हवेची खिडकी लागते. स्वयंपाकघर आतल्या चौकावर आणि संडास-बाथरूम डक्टवर, म्हणजे हवेसाठी सोडलेल्या उभ्या पोकळीवर, भागवता येतं. राहत्या खोलीची रुंदी नियमानं किमान २.४ मीटर, प्रत्यक्षात तीन धरा. वन बीएचकेला खिडक्या दोन, म्हणजे बाहेरची सहा मीटर भिंत पुरते. थ्रीला चार खिडक्या, म्हणजे बारा मीटर. मधल्या घरांची एकच बाजू बाहेर उघडते, तिथे बारा मीटर आणायचे कुठून? कोपरे चारच. त्या चार कोपऱ्यांत मोठी घरं बसतात आणि बिल्डर तिथेच सर्वांत चढा भाव लावतो, कारण हवा दोन बाजूंनी येते. जिना आणि लिफ्टचा खर्च आठ घरांवर वाटला की दर घरी कमी पडतो, चारांवर वाटला की जास्त. पार्किंगही मोठ्या घराला जास्त द्यावं लागतं. स्वयंपाकघर आणि दोन संडास असलेलं छोटं घर फुटामागे बांधायला खरं तर महागच पडतं, तरीही तो छोटंच बांधतो. चाळीस लाखांची दोन घरं तीन महिन्यांत जातात, ऐंशी लाखांचं एक वर्षभर पडून राहतं, आणि बिल्डरचं व्याज रोज चालू असतं. शिवाय गुंतवणूक म्हणून घर घेणाऱ्यालाही वन बीएचके हवा असतो, अकरा महिन्यांच्या करारानं चटकन भाड्यानं जातो.

एक जुनी गोष्ट सांगतो. १९९६ साली पूर्वेलाच तळमजला अधिक चार मजल्यांच्या एका इमारतीचं काम माझ्याकडे होतं. प्रत्येक मजल्यावर मी दोन मोठी आणि दोन लहान घरं काढली होती. त्यातल्या मोठ्या घराला आजीची म्हणून पूर्वेच्या खिडकीची एक खोली होती, संडासाला लागून, रात्री उठावं लागलं तर चार पावलांवर. मालकानं नकाशा बघितला, पेन्सिल घेतली आणि मोठ्या घराच्या मधून एक रेघ मारली. म्हणाला, "दोन करा." तेव्हा ट्रेसिंग पेपरवर शाईनं काम चालायचं. रात्री बसून मी आजीच्या खोलीचं दार दाढीच्या ब्लेडनं खरवडलं आणि तिथे दुसऱ्या घराचा ओटा काढला. कागद खरवडला की तिथे पांढुरका, खडबडीत डाग राहतो, पुढे शाई फुटते. तो कागद अजून माझ्याकडे आहे. उजेडासमोर धरला की दार दिसतं.

"लोकांना छोटीच घरं हवी असतात" असं तेव्हाही सांगितलं जायचं. डोंबिवलीत आलेले कितीतरी लोक चाळींतून आले होते. १९२० च्या दशकातल्या बीडीडी चाळींत खोली १६० चौरस फुटांची आणि संडास मजल्यावर सामाईक. त्यांना वन रूम किचन आणि आत स्वतःचा संडास म्हणजे केवढी उडी! ती पिढी समाधानी होती आणि त्यात गैर काही नव्हतं. पण तिची नातवंडं आता नववीत आहेत, म्हातारी माणसं ऐंशीच्या घरात पोचली आहेत, आणि घराचं माप मात्र तिथल्या तिथेच घुटमळतंय.

तुम्ही काय करावं? सॅम्पल फ्लॅट बघणं थांबवा आणि १९८० ते २००० च्या दरम्यानच्या इमारतींत पुनर्विक्रीचं घर शोधा. त्या काळात बँकवाल्यांच्या, रेल्वेवाल्यांच्या सोसायट्यांनी स्वतःसाठी बांधलेल्या इमारतींत तीन-चार खोल्यांची ऐसपैस घरं सापडतात. सासू-सासऱ्यांसाठी तळमजला किंवा पहिला मजला, कारण लिफ्ट नसते. भोगवटा प्रमाणपत्र बघा, संरचनात्मक तपासणीचा अहवाल मागा (तीस वर्षांपुढच्या सोसायटीला ती दर तीन वर्षांनी करायची असते), आणि टेप घेऊन जा. दलाल सांगेल तो आकडा बिल्टअपचा, म्हणजे भिंतींसकट मोजलेला असतो. अशा घरावर जीएसटी नाही. खरेदी फक्त तुमच्या नावावर केलीत तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सूट आहे, २०२१ पासून. नवऱ्याचं नाव जोडलंत की ती जाते. ८५ लाखांचं घर धरा. तीस लाखांतून पाच लाख दहा हजार शुल्काला, नोंदणी आणि किरकोळ मिळून अजून नव्वद हजार. हाती राहिले २४, कर्ज ६१ लाख, हप्ता त्रेपन्न हजारांच्या आसपास. तोंडमिळवणी होते का, हे दोघांनी रात्री बसून बघा. मात्र इमारत फार जुनी असेल तर बँक मुदत कमी करते, तेव्हा बयाणा देण्याआधी बँकेत जाऊन या.

आणि ज्या सोसायटीचा पुनर्विकास ठरतोय तिथे सभासद म्हणून शिरत असाल, तर जास्तीचं क्षेत्रफळ कोणत्या दरानं विकत मिळेल हे करारावर सह्या होण्याआधी लिहून घ्या. नंतर नकाशा कोणी बदलत नाही.

प्रश्न : मुलीकडे न्यू जर्सीत सहा महिने होते. तिकडे जागा भरपूर, तरी तिच्या उपनगरात भाड्याचे अपार्टमेंट एक किंवा दोन बेडरूमचेच. आम्ही आलो तेव्हा नातू सोफ्यावर झोपायचा. तीन बेडरूम हवे तर म्हणे स्वतंत्र घरच घ्या. श्रीमंत देशात असं का? (एक आजी, सध्या नाशिक)

उत्तर : आजी, दोन वर्षांपूर्वी मीही तिकडे भाच्याकडे होतो, आणि हौसेनं एका टाउनशिपच्या, म्हणजे तिकडच्या गावाच्या, प्लॅनिंग बोर्डाच्या सुनावणीला जाऊन बसलो. चारमजली अपार्टमेंटचा प्रस्ताव होता. गावकऱ्यांनी उंचीबद्दल विचारलं, गाड्यांबद्दल विचारलं, पण सगळ्यात जास्त वेळा एकच प्रश्न आला : शाळेत किती मुलं वाढतील? तिकडे शाळांचा मोठा खर्च गावातल्या घरपट्टीतून भागतो. एका बेडरूमच्या घरात मूल बहुधा नसतं, म्हणजे पट्टी मिळते आणि शाळेवर खर्च नाही. तीन बेडरूम म्हणजे दोन मुलं. म्हणून गावाला अपार्टमेंट चालले तरी लहान हवेत, आणि ती परवानगी मिळवताना बिल्डरही लहानच काढतो.

हे पूर्वापार चालत आलंय. फिलाडेल्फियाजवळ माउंट लॉरेल नावाचं उपनगर आहे. तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या कृष्णवर्णीय कुटुंबांना परवडणारी घरं बांधू दिली जात नव्हती, आणि शाळेत मुलं वाढू नयेत म्हणून बेडरूमच्या संख्येवरही बंधनं होती. १९७५ मध्ये न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की असं करून गावाला आपली दारं बंद करता येणार नाहीत, प्रत्येक वाढत्या गावानं साध्या उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी आपला वाटा उचलला पाहिजे. त्यातून पुढे जे नियम आले त्यात परवडणाऱ्या घरांपैकी किमान २० टक्के तीन बेडरूमची असावीत आणि एक बेडरूमची २० टक्क्यांहून जास्त नसावीत असं लिहिलं गेलं. म्हणजे तिथे कायद्यानं छोट्या घरांना वरची मर्यादा घातली आणि आपल्याकडे करानं मोठ्या घरांना. मला त्यांचा हा एक नियम फार आवडला आणि तो आपण उचलावा असं मनापासून वाटतं. मुलीला सांगा, उत्पन्नाच्या अटीत बसत असेल तर शेजारच्या टाउनशिपमध्ये अशा घरांची यादी लागते का ते विचारून बघ.

प्रश्न : बदलापूरला नव्या २२ मजली टॉवरमध्ये थ्री बीएचके नाही. एजंट सांगतो, शेजारशेजारचे दोन वन बीएचके घ्या आणि ताबा मिळाल्यावर मधली भिंत पाडा, जोडफ्लॅट होईल. आम्ही दोघं भाऊ, आई-वडील आमच्याकडे. घेऊ का? (एक वाचक, अंबरनाथ)

उत्तर : बयाणा देऊ नका. आधी साइटवर जा आणि एकच विचारा : बांधकाम मायवानचं आहे का? म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचे साचे लावून भिंती आणि स्लॅब एकदमच ओततात ते. हल्ली उंच टॉवर बरेचसे तसेच होतात. त्यात विटांची भिंत सहसा नसते, बहुतेक प्रत्येक भिंत लोखंड घातलेली काँक्रीटची आणि वरच्या सगळ्या मजल्यांचं ओझं पेलणारी. तिला दाराएवढं भोक पाडणं म्हणजे वरच्या वीस कुटुंबांच्या पायाखालून आधार काढणं. ताबा मिळालेल्या घरात ओळखायची खूण सोपी आहे. भिंतीवर बोटांच्या पेरांनी ठोका, दगडासारखा बद्द आवाज येतो, आणि साधा खिळा हातोडीनं ठोकला तर वाकतो, आत जात नाही.

कॉलम-बीमची चौकट आणि मध्ये विटा किंवा ब्लॉक असतील तर गोष्ट वेगळी. वर सांगितलेल्या १९९६ च्या इमारतीत २०११ मध्ये दुसऱ्या मजल्यावरच्या कुटुंबानं शेजारचं घर घेतलं आणि मलाच बोलावलं. भिंत चार इंची विटांची होती, कारण ती मूळ नकाशात नव्हतीच. तरी आम्ही स्ट्रक्चरल इंजिनीअरचं पत्र, सोसायटीचं ना हरकत आणि महापालिकेची परवानगी घेतली, मगच घण मारला. तीन फूट रुंद, सात फूट उंच एवढंच दार केलं, बीमला हात लावला नाही. दुसरा ओटा काढून तिथे पलंग टाकला, पण संडास होता तिथेच ठेवला. खालच्यांच्या खोलीवर तुमचं संडासाचं पाणी आणायचं नसतं.

तुमच्या टॉवरचा स्लॅब अजून त्या मजल्यापर्यंत पोचला नसेल तर दोन्ही घरं जोडून एकच नकाशा मंजूर करून द्याल का, असं बिल्डरला लेखी विचारा. तोंडी "हो जाएगा" वर जाऊ नका. मंजूर नकाशात दार दिसलं तरच ते दार. आणि दोन वीजमीटर, दोन देखभाल बिलं, दोन भाग दाखले राहतील, ते राहू द्या. उद्या भावाभावांना वेगळं व्हायचं झालं तर मधलं दार विटांनी बुजवून दोन घरं परत होतात, म्हणून दोन्ही करार एकेका भावाच्या नावावर करा. मजल्याचा नकाशा माझ्याकडे पाठवा, कोणती भिंत कसली आहे ते खुणा करून परत पाठवीन.